काजल खुर्चीवर का बसत नाही

१८ ऑगस्ट, सोमवार

आज छायाही गेली. देवाघरी नाही, वर्ध्याच्या एमआयडीसीत. सकाळी साडेसातला पुलगाव नाक्यावर एक पांढरी बस उभी राहते. त्या बसमध्ये चढलेली आमच्या कारखान्यातली ही तिसरी बाई. कारखाना म्हणायचं आपलं. नाचणगावच्या रस्त्याला पत्र्याचं शेड, सिंदी रेल्वे गावाहून येणारे कापसाच्या रुईचे गठ्ठे आणि तरटावर बसून देवाच्या वाती वळणाऱ्या एकोणीस बाया. आता सोळा.

हसावं की रडावं कळत नाही. पुण्यात सात वर्षं माझं कामच हे होतं, माणसं कंपनी सोडून जाऊ नयेत म्हणून उपाय करायचे. चार हजार माणसं होती. त्यांच्यासाठी मी शिबिरं घेतली, कामात अर्थ कसा शोधावा यावर तास तास बोलले. मी स्वतः सोडलं तेव्हा निरोपाला सहा जण होते आणि केकवर 'सुरभी'ऐवजी 'सुरेखा' लिहिलं होतं. मार्चमध्ये बाबांची बायपास झाली. मी म्हटलं, चला, आता खरोखर अर्थ असलेलं काम करू. तर इथे सोळा बाया टिकेनात.

संध्याकाळी छायाच्या घरी गेले. कामाला लागताना सगळेच विचारतात, सोडताना कुणी विचारत नाही, हे मीच शिकवायचे ना! विचारलं, "छायाताई, का सोडलंत?"

"असंच."

"काही तरी कारण असेल."

तिने बराच विचार केला. माझा हिरमोड होऊ नये म्हणून असेल. मग म्हणाली, "बसमदी गाने लावते ताई."

वहीत लिहिलं, कारण: गाणी. घरी बाबांना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं आणि रोजचाच प्रश्न विचारला, "रामबाई आलती का आज?" रामबाई आमची सगळ्यात जुनी, कारखान्याइतकीच. ती रोज येते. बाबा तरी रोज विचारतात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, सुट्टी. म्हणून आज काम लवकर थांबवून सगळ्यांना कागद वाटले. एकच प्रश्न होता: 'मला माझ्या कामात कशामुळे समाधान मिळतं?' ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नऊ जणींनी लिहिलं 'वाती'. एकीने लिहिलं 'होय'. प्रमिलाबाईंनी विचारलं, "पोळ्याचा बोनस हाये का ह्यो?"

रामबाई म्हणाली, "समाधान कायले पाह्यजे वो? वात घट्ट पाह्यजे. देवापुढं लावली अन् तुपात उकलली त लावणारी बाई कोनाले शिव्या देईन?" हे समाधानात धरायचं की तक्रारीत, ठरवता आलं नाही.

काजलचा कागद मात्र मी दोनदा वाचला. काजल ही रामबाईची सून. सव्वीस वर्षांची, बारावी झालेली, हात असा की बघत राहावं. तिने लिहिलं होतं, 'मला प्रत्येकीच्या हातची वात ओळखू येते.' खोटं वाटलं म्हणून मी पाच टोपल्यांतून पाच वाती उचलून तिच्यापुढे धरल्या. तिने भराभर नावं सांगितली. "ही प्रमिलाबाईची, ही कोकिळाची, ही बी कोकिळाची..." पाचवी हातात घेऊन थांबली आणि म्हणाली, "ही आमची."

बाबांची एक जुनी पद्धत आहे, दोन बायांत एक टोपली. मजुरीही जोडीची. काजल आणि रामबाईची एक टोपली. दोघी येतात एकत्र, जातात एकत्र, पाणी प्यायलासुद्धा एकत्र उठतात. इतकं एकमेकींवर अवलंबून असणं मला तरी बरं वाटत नाही. काजलसारख्या मुलीचं स्वतःचं काही दिसतच नाही त्यात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

कोकिळाने सांगितलं, बसवाल्यांच्या माणसाने काजलला दोनदा विचारलंय. ती नाही म्हणाली. पण किती दिवस नाही म्हणेल? नवरात्राची मोठी ऑर्डर आहे नागपूरची, वीस सप्टेंबरच्या आत द्यायची. काजल गेली तर ऑर्डर गेली. खरं सांगायचं तर ऑर्डरपेक्षा मला ती मुलगी जाऊ द्यायची नाही. एवढ्या सगळ्यांत तिचाच कागद वाचण्यासारखा होता.

म्हणून ठरवलं. काजलला पर्यवेक्षक करायचं. बावीस वर्षांत या शेडमध्ये कुणालाच कुठलं पद नव्हतं. माणसाला वर जायला पायरी दिसली नाही तर तो बाहेर जातो, हे मी शंभर वेळा सांगितलेलं वाक्य आहे. आणि प्रत्येकीला वेगळी टोपली द्यायची, म्हणजे जिचं तिचं काम दिसेल.

बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "काजल? रामबाई असतानी?"

"बाबा, वय बघून नाही, गुण बघून द्यायचं असतं."

"ते नाई म्हनत मी."

"मग काय म्हणता?"

त्यांनी चष्मा परत लावला. "तू न विचारताच ठरवलं ना? आता मले काऊन विचारतं? त्या दोघीईले विचार." मग चहा मागितला. आजारपणापासून बाबांना कारखान्यातलं काही बदललेलं चालत नाही, बोलून दाखवत नाहीत इतकंच. पण विचारा म्हणाले ते बरोबर होतं. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यायचा त्यांचा होकार असावा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दोघींना एकत्रच बोलावलं, मागून कुणाला काही वेगळं वाटायला नको. सगळं नीट समजावून सांगितलं. काजल जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, "काजल, तुला चालेल?" तिने सासूकडे पाहिलं. रामबाईने माझ्याकडे पाहिलं. "रामबाई, तुम्हाला काही अडचण?"

"मले काय अडचन? तुमचा कारखाना हाये."

"काजल?"

"आत्याबाई म्हनतीन तसं."

झालं! दोघींचा होकार. पुण्यात एका बढतीला तीन महिने बैठका चालायच्या. इथे पाच मिनिटांत. उद्यापासून महालक्ष्म्यांची धावपळ, त्या आटोपल्या की कार्यक्रम करू.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज कार्यक्रम केला. काजलला नारळ, गुलाबाचं फूल आणि हजेरीची नवी वही. वर्ध्याहून टेबल आणि खुर्ची आणली, पाठ टेकता येईल अशी. शेडच्या मधोमध ठेवली, म्हणजे सगळ्या ओळी दिसतील. पंधरा नव्या टोपल्या, प्रत्येकीवर नंबर. पेढे वाटले. टाळ्या पडल्या. पहिली टाळी रामबाईने वाजवली, मला फार बरं वाटलं. खरंच मोठ्या मनाची बाई आहे.

आज पहिल्यांदा वाटलं की पुणं सोडून आले ते चुकलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

काजल खुर्चीवर बसली नाही. दिवसभर उभी होती. म्हटलं नवीन आहे, उत्साह आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

आजही उभी. नऊपासून सहापर्यंत, फक्त जेवायला बसली तेवढीच. मी जवळ जाऊन म्हटलं, बस ना गं. "बसतो ताई," म्हणाली आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन वही बघायला लागली, उभ्यानेच. खुर्ची कडक आहे बहुतेक. उद्या पुलगावहून उशी आणते.

८ सप्टेंबर, सोमवार

उशी आणली. निळी, चांगली जाड. काजलने ती हातात घेतली, "कायले त्रास घेतला ताई" म्हणाली आणि खुर्चीवर नीट ठेवली. मग त्या उशीवर हजेरीची वही ठेवली. आणि उभी राहिली! बाकीच्या बाया खाली मान घालून हसत होत्या. मला समजेना की मी काय विनोद केला.

आणखी एक. हजेरी मोठ्याने, नाव घेऊन घ्यायची, असं मी ठरवलंय. माणसाचं नाव रोज कुणी घेतलं की आपण इथले आहोत असं वाटतं. काजलने सगळ्यांची नावं घेतली, रामबाईचं सोडून. आज कानांनी ऐकलं मी. वहीत खूण मात्र केली. सगळ्यांसमोर सासूला असं वगळायचं? पद मिळाल्याबरोबर माणसं बदलतात हे पाहिलंय मी, पण चार दिवसांत? बाजूला घेऊन सांगितलं, "घरातलं घरात. इथे सगळ्यांना सारखी वागणूक हवी. उद्यापासून त्यांचं नावही घ्यायचं." डोळे भरले तिचे. खरं बोललं की लागतं.

रात्री जेवताना बाबांना उशीची गोष्ट सांगितली. ते घास हातात धरून हसले. हसू ओसरल्यावर मात्र त्यांचं तोंड उतरलं. "तुही माय असती त..." एवढंच म्हणाले. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, मग सगळी वसतिगृहंच. आईचा आणि खुर्चीचा काय संबंध? म्हातारपणी काहीही आठवतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

काजलने रामबाईचं नाव घेतलं नाही. वरून खाली सगळी नावं घेऊन झाल्यावर नुसतं म्हणाली, "अन् आत्याबाई." रामबाई म्हणाली, "हजर." बाकीच्या पुन्हा हसल्या. मी सोडून दिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

आता आकडे बोलायला लागले. वेगळ्या टोपल्यांचा फायदा हाच! प्रमिलाबाई किती मेहनती आहेत ते आधी कळतच नव्हतं. आणि रामबाई... माझा विश्वास बसेना. तीन वेळा मोजायला लावलं. बाकीच्यांच्या निम्म्याही वाती होत नाहीत तिच्या. आणि ज्या होतात त्या सैल. मी हातात धरून हलवली तर उकलली. उकलणाऱ्या वातीवरून मला चार गोष्टी सुनावणारी ही बाई!

बावीस वर्षं जिने चांगलं काम केलं ती एका आठवड्यात अशी कशी होते? एकच उत्तर आहे. सून वर गेली ते सहन झालेलं नाही. तोंडाने टाळ्या, हाताने बंड. असले प्रकार मी चिकार पाहिलेत. तोंडावर 'हो हो' आणि कामात ढिलाई.

राग आला मला. वाईटही वाटलं. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी घरी यायचे तेव्हा हीच बाई मला तरटावर आपल्या बाजूला बसवून स्वतःच्या डब्यातली भाकर खायला घालायची.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारच्या सुट्टीत काजल जेवली नाही. सगळ्या नळावर गेलेल्या असताना ती रामबाईच्या टोपलीपाशी बसून भराभर वळत होती. मला पाहून उठली. मी म्हटलं, "काजल, हे तुझं काम नाही आता. त्यांचं त्यांना करू दे. उद्या त्यांना सगळ्यांसारखं स्पष्ट सांगायचं, वाती सैल आहेत म्हणून. पर्यवेक्षकाला कधी कधी कठोर व्हावं लागतं."

"ताई, मले पयल्यासारखं खाली बसू द्या ना."

मला भीती वाटली, ही मुलगी हार मानते आहे. मी तिचा हात हातात घेतला. म्हटलं, "तू करू शकतेस. माझा तुझ्यावर विश्वास आहे." तिने हळूच हात सोडवून घेतला. भारावली असावी.

१३ सप्टेंबर, शनिवार

घडलं तसं लिहिते.

अकराच्या सुमारास मी काजलला खूण केली. ती रामबाईपुढे जाऊन उभी राहिली. शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमची टोपली..." मी मागून म्हटलं, "सांग ना, वाती सैल आहेत." तिने सांगितलं नाही. वाकून रामबाईची टोपली उचलली, टेबलावर उपडी केली आणि सैल वाती सोडून सोडून पुन्हा वळायला लागली. उभ्याने, सगळ्यांदेखत. गालांवरून पाणी येत होतं आणि बोटं थांबत नव्हती.

मी म्हटलं, "असं नाही काजल. ज्यांच्या आहेत त्यांनाच पुन्हा वळू दे."

हे मी वाईट म्हटलं का? मी नियम सांगितला. आवाजही चढवला नाही.

रामबाई उठली. पदराला चिकटलेला कापूस झटकला. चपला घातल्या. दारात थांबून माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, पोटातलं काही दुखतंय असं. आणि गेली. काजलने हातातली वात पुरी केली, टोपलीत ठेवली आणि सासूच्या मागे धावली. मग रामबाईच्या गल्लीतल्या चार जणी एकेक करून उठल्या. दुपारी शेडमध्ये दहा बाया होत्या.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "रामबाई आलती का?" मी ओरडले, "आली होती आणि गेली! झालं समाधान?" नंतर माफी मागितली. ते बरं नाही म्हणून लवकर झोपले. त्यांना बरं नाही ते माझ्यामुळेच.

१५ सप्टेंबर, सोमवार

सहाही जणी आल्या नाहीत. दहा बाया, आणि पाच दिवसांत सगळी ऑर्डर.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नागपूरच्या व्यापाऱ्याचा फोन. निम्मा माल देते म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, देवीले अर्धीच वात लावू का?" फोन ठेवून दिला. संध्याकाळी परत फोन करून निम्मा माल पाठवायला त्यानेच सांगितलं, पण दिवाळीचं बघू म्हणाला.

माझं चुकलं तरी कुठे? मी काजलला मान दिला. रामबाईचं मत विचारलं. सगळ्यांच्या कामाचं कौतुक होईल अशी सोय केली. बाबांनी यातलं काहीही केलं नाही आणि त्यांच्याकडे बावीस वर्षं बाया टिकल्या. मी पुण्याला जे शिकवत होते ते सगळं खोटं होतं का? मग त्या चार हजार माणसांना मी काय सांगत होते?

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी नाक्यावर गेले होते. दुसऱ्याच कामाला गेले होते असं लिहिणार होते, पण दैनंदिनीत कशाला खोटं! बस बघायलाच गेले होते.

काजल बसमध्ये चढली. तिला पोचवायला कोण आलं असेल? रामबाई! खाली उभी राहून खिडकीतून डबा आत देत होती. काजल काही तरी बोलली, रामबाईने 'जा जा' असा हात केला. बस गेल्यावरही ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून येणाऱ्या ट्रकने भोंगा वाजवला तेव्हा बाजूला झाली.

मला आधी प्रचंड राग आला. म्हणजे हे सगळं ठरवून केलं? मला खलनायक करून निघून जायचं होतं का दोघींना? आणि दोघींना जायचं होतं, तर मग एकच का गेली? मी चहाच्या टपरीआड उभी होते चोरासारखी. घरी आले आणि दिवसभर काही सुचलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज नाचणगावला गेले, रामबाईच्या घरी. बाबांना विचारून गेले. ते म्हणाले, "जा. बोलजो कमी."

अंगणात बाजेवर रामबाईचा नवरा तानबा पडलेला होता. मला बघून त्याने कूस बदलली. रामबाई ओट्यावर सुपात मूग निवडत होती. "ये सुरभी," म्हणाली, जणू मी रोजच येते. पाणी दिलं. पेला घेताना तिची बोटं पाहिली. सांधे सुजलेले, दोन बोटं आत वळलेली. मी जूनपासून या बाईला रोज बघत होते. मला ती बोटं कधी दिसली नव्हती.

कमी बोल म्हटलेलं विसरले. विचारलं, "हात कधीपासून असे आहेत?"

"झाले दोन सालं. चार वाती वळल्या का भरून येते."

"मग टोपली..."

"टोपली एकच व्हती ना आमची. तिची कोनती अन् माही कोनती, कोन पाह्यते? ती बाजूले बसून टाकत जाये. तिले वाटे मले कळत नाई." ती हसली. "बावीस सालं वळल्या म्या. माह्या हातची वात मले ओळखू येनार नाई का वो?"

तरी नीट कळेना. "पण दुखत होतं तर येत कशाला होतात? घरी आराम केला असता."

तिने हनुवटीने बाजेकडे खूण केली. आवाज मुळीच कमी केला नाही. "मी घरी बसली असती त तिले कोन जाऊ देल्लं असतं? ह्यो म्हने, सून एकटी भाईर जाईन नाई. अन् तिचा नवरा, गोपाल, बापाच्या शब्दाभाईर नाई. सासूसंग जाते म्हून जाऊ देत. तिचा हात मी पयल्याच दिवशी पाह्यला. असा हात घरात भांडे घासाले ठेवाचा का?"

म्हणजे ही तिच्यासाठी येत होती, आणि ती हिच्यासाठी त्या पांढऱ्या बसला नाही म्हणत होती. दोघीही एकमेकींना कळू न देता. आणि मी दोघींच्या मधोमध टेबल ठेवलं. मला तिथेच रडायला आलं. रामबाईने सूप खाली ठेवलं, पण मला जवळबिवळ घेतलं नाही. रडू दिलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि आता कसं जाऊ दिलं?"

"शनवारी साऱ्याईपुढं माही इज्जत गेलीच व्हती. म्हनलं, आता कोनाले भ्याचं? घरी आली अन् ह्याले म्हनलं, पोरगी सोमवारपासून बसनं जाईन. तुले पटत नसन त सैपाक तू कर. दोन दिस उपाशी राह्यला. मंग गप झाला."

बाजेवरून तानबा खाकरला. रामबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ती बरी आहे तिथे?"

"बरी हाये म्हनते. गाने लावते म्हने बसमदी. खुर्चीवर बसाचं काम हाये. बसते तथी." ती थांबली. "तथी मी खाली नसतो ना."

आता मला कळलं आणि कळून इतकी लाज वाटली की उठून जावंसं वाटलं. उशी! मी त्या मुलीला उशी आणून दिली होती. तिने सासू तरटावर असताना खुर्चीवर कसं बसावं, सासूचं नाव चारचौघींत कसं पुकारावं, हे मला एकाही बाईने सांगितलं नाही. मीही 'अडचण आहे का' असं त्या दोघींना एकमेकींसमोर विचारलं. काय सांगणार होत्या?

पण मग एक कळत नाही. माझ्या चुकीमुळे काजल सुटली की गेली? चांगलं झालं की वाईट? रामबाईला विचारलं. ती म्हणाली, "मले तरी काय माईत."

निघताना म्हटलं, "रामबाई, सोमवारी या. नंबर नाहीत, मोजणी नाही. होतील तेवढ्या वळा."

"आता कायले येऊ? कोनासाठी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या कुठल्याही शिबिरात नव्हतं. तुमच्या बावीस वर्षांसाठी, कारखान्यासाठी, देवाच्या कामासाठी, असं सगळं तोंडापर्यंत आलं आणि ते सगळं खोटं वाटलं. मी म्हटलं, "माझ्यासाठी या."

तिने मला नीट निरखून पाहिलं. "तुले वळता येते का?"

"नाही."

"बापाचा कारखाना चालवतं अन् वळता येत नाई?" ती पुन्हा मूग निवडायला बसली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

काजलच्या फोनवर निरोप लिहिला, चार वेळा खोडून. शेवटी 'चुकलं माझं' एवढाच पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं, 'ताई आत्याबाईले लवकर बोलावू नका, त्याईले सकायी हात जड रायते.' माझ्या माफीबद्दल काहीच नाही. म्हणजे माफ केलं की नाही?

पण मग रामबाई उद्या येणार आहे का? हे विचारायचं धाडस झालं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घट बसले. सकाळी नऊला अकरा बाया. गल्लीतल्या चौघींपैकी एकच परत आली. टेबल कोपऱ्यात सरकवलं आणि मी तरटावर बसले. वहीऐवजी कापूस घेतला. प्रमिलाबाईंनी कापूस कसा ओढायचा ते दाखवलं. मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. बोटांना राख लावायची, ओढायचं, वळायचं, आणि माझ्या हातात वात व्हायच्या आधीच कापूस तुटतो.

सव्वादहाला रामबाई आली. मागे उरलेल्या तिघी. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरक." मी सरकले. तिने आमच्या दोघींच्या मधे एक टोपली ओढून घेतली.

मी तोपर्यंत अकरा वाती केल्या होत्या, सव्वा तासात. त्या तिने एकेक उचलून पाहिल्या. सुजलेल्या बोटांनी सावकाश नऊ उकलल्या आणि त्यांचा कापूस माझ्या मांडीवर परत ठेवला. दोन टोपलीत टाकल्या. त्या दोन खरंच चांगल्या होत्या की तिला माझी दया आली, ते मला समजलं नाही. विचारलंही नाही. दुपारच्या सुट्टीपर्यंत मी जागची उठले नाही.